घरमालक नावाचे नोकरदार

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोनवर दोन मेसेज येतात. एक २७,००० रुपये जमा झाल्याचा, दुसरा ५२,०६९ रुपये वजा झाल्याचा. वाकडच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर ज्यांचा टू बीएचके आहे, ते गृहस्थ स्वतः चिंचवडला आईवडिलांसोबत जुन्या घरात राहतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, बायको शाळेत शिक्षिका. ते सांगतात, "फ्लॅट घेताना एजंट म्हणाला, साहेब, निम्मा हप्ता तर भाडेकरूच भरेल. खोटं काहीच बोलला नाही तो. उरलेला निम्मा कोण भरणार, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

असे 'साहेब' आज पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, ठाण्यात, नाशकात गल्लोगल्ली आहेत. कोणी बँकेत, कोणी आयटीत, कोणी महापालिकेत. एक फ्लॅट राहायला, दुसरा 'गुंतवणूक म्हणून'. परगावाहून नोकरीला येणाऱ्या तरुण जोडप्याला, शिकायला आलेल्या मुलींना, बदली होऊन आलेल्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर मिळते ते याच लोकांमुळे. शहरातल्या भाड्याच्या घरांचा धंदा चालवणारी ही माणसे आहेत. फक्त आपण धंदा करतो आहोत, हे त्यांच्या गावीही नसते. आणि हा धंदा बहुतेकांच्या बाबतीत तोट्यात चालतो. तो तोटा पगारातून भरून निघतो, म्हणून दिसत नाही.

शेठजी गेले, साहेब आले

पूर्वी असे नव्हते. मुंबईत गिरण्यांच्या मागोमाग चाळी उठल्या, तेव्हा चाळ बांधणारा मालक पाया खणतानाच भाड्याचा आकडा मांडत असे. भाडे गोळा करायला मेहताजी, डागडुजीला ठरलेला गवंडी, आणि खोली रिकामी राहिली तर दुसऱ्या दिवशी नवा बिऱ्हाडकरू. माणसे त्यात कशीही कोंबली जात, पण पैसे घालणाऱ्याला आपण कशात पैसे घालतो आहोत हे नेमके ठाऊक होते.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. त्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला खिळवून ठेवली. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत बेघर होण्यापासून कितीतरी कुटुंबे त्यामुळे वाचली, हे नाकारता येत नाही. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षे चालला. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली. नव्या चाळी बांधणे थांबले. भाडे नावापुरते आणि खरा व्यवहार पागडीत, अशी रीत पडली. पैसेवाल्यांनी भाड्याचा नाद सोडून बांधायचे आणि विकून मोकळे व्हायचे, हा मार्ग धरला. त्या विक्रीला शिस्त लावण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अॅक्ट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला 'मोफा', करावा लागला.

भाडे कायद्यातून पळवाट म्हणून लोक 'लीव्ह अँड लायसन्स'वर घर देऊ लागले होते. तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सीला संरक्षित भाडेकरूच करून टाकले. या एका तारखेची धास्ती मराठी मध्यमवर्गाने दोन पिढ्या बाळगली. 'घर रिकामं राहिलं तरी चालेल, भाडेकरू नको,' हे वाक्य ज्यांच्या घरात ऐकू येत असे, त्यांच्या मागे ही तारीख उभी होती. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरे रिकामी सापडली. त्यामागच्या कारणांत ही धास्तीही मोजायला हवी.

१९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी अवाजवी झाली आहेत, असा निकाल दिला. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने ठेवले, भाडेवाढ वर्षाला ४ टक्क्यांवर बांधली आणि पागडी कायदेशीर केली. पण नव्या घरमालकांच्या दृष्टीने त्यातले कलम २४ मोलाचे. लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो आणि जितके दिवस ताबा अडवला तितक्या दिवसांची दुप्पट भरपाई मागता येते. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे चपला झिजवायची गरज उरली नाही.

नेमक्या त्याच काळात हिंजवडीत आयटी पार्क उभे राहात होते. १९७७ मध्ये एचडीएफसीने सुरू केलेली गृहकर्जाची वाट आता हमरस्ता झाली होती. कायद्याची भीती ओसरली, भाडेकरूंची रांग लागली आणि कर्ज दारात आले. शेठजींनी सोडलेली जागा साहेबांनी घेतली ती अशी.

कागदावर मांडलेला हिशेब

वाकडच्या त्या गृहस्थांना म्हटले, चला, सगळे मांडू या. किंमत ८० लाख. बांधकाम चालू असताना घेतला म्हणून ५ टक्के जीएसटी, ४ लाख. मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. किचन ट्रॉली, दोन कपाटे, गिझर, पंखे, खिडक्यांना जाळ्या यांत ३ लाख गेले. एकूण जवळपास ९३ लाख. कर्ज ६० लाख, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. उरलेले ३३ लाख घरचे. त्यात वडिलांची ग्रॅच्युइटी आली आणि बायकोची मोडलेली एफडीही आली.

आता जमेची बाजू. २७,००० प्रमाणे वर्षाचे भाडे ३ लाख २४ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ४२ हजार, कारण आपल्याकडे भाडे सांगतात ते मेंटेनन्ससकट. वर्षातून महिनाभर घर रिकामे धरले तर २७ हजार. दलाली एका महिन्याची, पण दोन वर्षांत एकदा म्हणून निम्मी, साडेतेरा हजार. महापालिकेचा कर १५ हजार. रंग, नळ, गळती याचे सरासरी १५ हजार. हातात उरले २ लाख ११ हजार ५००. घातलेल्या ९३ लाखांवर सव्वादोन टक्के. हप्त्याचे वर्षाला ६ लाख २५ हजार जातात. म्हणजे ४ लाख १३ हजार, महिन्याला सुमारे साडेचौतीस हजार, हे पगारातून.

यावर ठरलेले उत्तर येते, की हप्त्यात मुद्दलही असतेच ना. असते. म्हणून मुद्दल बाजूला ठेवू. पहिल्या वर्षी नुसते व्याज ५ लाख ५ हजारांच्या घरात आहे. भाडे वजा जाता जवळपास ३ लाखांची तूट. शिवाय ते ३३ लाख ७ टक्क्यांच्या एफडीत असते तर २ लाख ३१ हजार आले असते. दोन्ही मिळून सव्वापाच लाख. ८० लाखांचा फ्लॅट दरवर्षी साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढला, तर कुठे हे गृहस्थ एफडीवाल्या शेजाऱ्याच्या बरोबरीला येतात. विकताना १२.५ टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर, तो वेगळा.

उलट्या बाजूनेही पाहता येते. भाड्यातून निदान व्याज निघावे, एवढीच माफक अपेक्षा असेल तर या फ्लॅटवर कर्ज किती हवे? २ लाख ११ हजार हे साडेआठ टक्क्यांनी जेमतेम २५ लाखांचे व्याज होते. म्हणजे ६८ लाख रोख घालणाऱ्याने या खेळात उतरावे. पण ६८ लाख रोख असणाऱ्याला 'हप्ता भाड्यातून निघतो' हे गाजर दाखवण्याची गरजच पडत नाही.

हिशेब संपल्यावर गृहस्थ थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "पण जागा आहे ना आपल्या नावावर." त्या वाक्याला हिशेबात रकाना नाही, पण हा सगळा व्यवहार त्याच वाक्यावर उभा आहे.

व्याज वर, मुद्दल जागच्या जागी

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची तरत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या मापदंडाशी जोडली गेली, बहुतेकांची रेपो दराशी. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कातही सूट दिली. पावणेसात टक्क्यांचे कर्ज आणि वर शुल्कात सवलत. दुसऱ्या फ्लॅटचा विचार मनात घोळवणाऱ्यांनी तेव्हा उडी घेतली. मे २०२२ पासून चक्र फिरले आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहावर गेला.

६० लाखांच्या कर्जाला पावणेसात टक्क्यांनी हप्ता बसतो ४५,६२२ रुपये. दर सव्वानऊ झाला तेव्हा कितीतरी बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत ताणली. खातेदार निश्चिंत, कारण मेसेज तोच येत होता. पण दीडएक वर्ष हप्ते भरूनही उरलेल्या मुद्दलावर महिन्याचे व्याजच पंचेचाळीस हजारांच्या आसपास जात होते. मुद्दलात पडत होते जेमतेम हजारभर रुपये. अशा तक्रारी वाढल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा आणि परिणाम त्याला समजावून सांगा. २०२५ मध्ये रेपो पुन्हा उतरू लागला. पण ज्यांनी मधल्या काळात खात्याचा उतारा काढून पाहिलाच नाही, त्यांच्या निवृत्तीच्या पुढे हप्ते गेलेले आहेत.

व्यक्तीने घेतलेले तरत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही. बोनस आला, पॉलिसी पिकली, की मुद्दलात टाकणे हा या धंद्यातला सर्वांत खात्रीचा नफा आहे. साडेआठ टक्के, तेही करमुक्त.

करसवलतीचे मृगजळ

'टॅक्स वाचतो' हे दुसरे पालुपद. जुन्या करपद्धतीत ते पूर्ण खोटे नव्हते. भाड्यातून महापालिकेचा कर वजा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट, मग व्याज वजा. आपल्या उदाहरणात २ लाख ९० हजारांच्या आसपास तोटा दिसतो. २०१७-१८ च्या आर्थिक वर्षापासून त्यातले जास्तीत जास्त २ लाखच पगाराच्या उत्पन्नातून वळते करता येतात. उरलेले आठ वर्षांपर्यंत पुढे ओढता येतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ६२,४०० रुपये वाचत. नव्या करपद्धतीत भाड्याच्या मर्यादेपर्यंत व्याज वजा होते, पण तोटा पगारातून वळता होत नाही. आणि २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच मूळ पद्धत आहे. जुनी हवी तर मागून घ्यावी लागते. ज्या सवलतीच्या भरवशावर लोकांनी वीस वर्षांचे कर्ज उचलले, ती चालू कर्जातच हातातून निसटली.

महिन्याला ५० हजारांच्या वर भाडे असेल तर भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के आहे. मालक परदेशात असेल तर मात्र भाडे कितीही असो, कपात ३१.२ टक्क्यांच्या घरात जाते. बाणेर-बालेवाडीत अमेरिकेतल्या, दुबईतल्या मराठी मंडळींचे फ्लॅट कमी नाहीत. तिथला भाडेकरू भाडे मालकाच्या मेव्हण्याच्या खात्यावर भरतो, कपातीचे नावही कोणी काढत नाही, आणि नोटीस आली की तिघेही एकमेकांकडे पाहतात. कपातीची जबाबदारी भाडेकरूची असते, हे त्याला तेव्हा कळते.

अंगठा, मीटर आणि तीन किल्ल्या

रविवारी सकाळी दहाची वेळ. रिकाम्या हॉलमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर लॅपटॉप, त्याला जोडलेले अंगठा घ्यायचे यंत्र. करार करून देणारा मुलगा उकिडवा बसलाय. मालक, भाडेकरू जोडपे, दोन साक्षीदार. प्रत्येकाचे आधार, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचा अंगठा. मालकांचा अंगठा काही केल्या उमटत नाही. "काका, बोट पुसून घ्या. नाहीतर मधलं द्या." मधले बोट चालते. नोंदणी फी हजार रुपये, अकरा महिन्यांच्या कराराचे मुद्रांक शुल्क त्याहून कमी. अर्ध्या तासात काम फत्ते.

"अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही ना?" साक्षीला आलेले शेजारी विचारतात. ही समजूत महाराष्ट्रात फार खोल रुजली आहे. १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते, की करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा; आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, आणि ते खोटे पाडायची जबाबदारी मालकावर येते. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दोन हजार वाचवणारा मालक कलम २४ ची ढाल आपल्या हाताने लंगडी करून घेतो. साठ महिन्यांपर्यंतचा करार याच दराने करता येतो. तरी दर अकरा महिन्यांनी तीच यातायात चालू असते, कारण 'असंच करतात'.

अंगठे झाले की खरे काम सुरू होते. भाडेकरू बाई वहीत यादी करतात आणि मालक मागून फिरतात. पंखे चार, त्यातला एक आवाज करतो. ट्यूब तीन, बल्ब सात. गिझर दोन. चिमणी एक, चालू. बाथरूमची टाइल एक, कोपऱ्यात तडकलेली. बेडरूमच्या भिंतीवर ओल, फोटो काढला. वीजमीटरचे रीडिंग, फोटो काढला. मुख्य दाराच्या किल्ल्या तीन, लेटरबॉक्सची एक, पार्किंगचा स्टिकर एक. दोघांनी खाली सही केली. करार करणारा मुलगा म्हणाला, "डिपॉझिटवरून भांडण होतं ना, ते ही यादी नसते तिथंच होतं."

सांभाळणे म्हणजे काय

घर भाड्याने दिले की काम संपले, असे नवख्याला वाटते. सोसायटीचे पत्र येते तेव्हा जाग येते. मालक स्वतः राहात नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क लावले जाते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तरी दुप्पट-तिप्पट लावणाऱ्या कमिट्या आहेत आणि मुकाट भरणारे मालकही आहेत. आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. कळवणे आणि कराराची प्रत देणे पुरते. प्रत्यक्षात गेटवरचा वॉचमनच सांगतो, "बॅचलर चालत नाही." पुण्यात मालक स्वतः राहात असेल तर मालमत्ता करात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला नसते, हेही बिल आल्यावर कळते.

भाडेकरूची नावनोंदणी पोलिसांकडे, नळ गळतो म्हणून रात्री साडेदहाला फोन, खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल, दिवाळीत पाण्याचा टँकर. हे सगळे नोकरी सांभाळून. एक बँक अधिकारी बाई हसत सांगतात, "ऑफिसात लोक मला मॅडम म्हणतात. फ्लॅटवर मी प्लंबरला आर्जवं करत असते."

मालकांची सगळ्यात महागडी सवय म्हणजे भाडे ताणणे. चांगला भाडेकरू दीड हजार कमी देतो म्हणून त्याला घालवायचे. दीड हजाराप्रमाणे वर्षाचे वाढतात अठरा हजार. घर एक महिना रिकामे राहिले तर सत्तावीस हजार जातात, दलाली सत्तावीस हजार, आणि रंग काढायचा तो वेगळाच. वाकडमधला एक जुना एजंट सांगतो, "भाडं वाढवून माझीच कमाई होते, मालकाची नाही."

आणि २०२० सारखे वर्ष येते. एप्रिलमध्ये आयटीतली मुले गाशा गुंडाळून गावी गेली. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितले. रिझर्व्ह बँकेने कर्जदारांना सहा महिने हप्ते थांबवायची मुभा दिली, पण व्याज चढतच राहिले. ज्यांच्याकडे सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम बाजूला होती ते तरले. ज्यांनी दुसऱ्या फ्लॅटच्या भाड्यावर पहिल्याचा हप्ता बेतला होता, त्यांनी पडेल भावाने विकले.

मोठा पैसा इकडे का फिरकत नाही

मग घ्यायचाच नाही का दुसरा फ्लॅट? घ्यावा, पण धंदा म्हणून. तयार घर घ्यावे. बांधकाम चालू असताना व्याज सुरू होते आणि भाडे सुरू होत नाही. जुन्या इमारतीतला चालेल. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही, आणि भाडेकरू इमारतीचे वय पाहण्याआधी ऑफिसचे अंतर पाहतो. कर्ज भाडे झेपवेल त्याच्या आसपास ठेवावे. सहा हप्ते वेगळे काढावेत. आणि 'महिन्याला पगारातून किती जाणार, किती वर्षे' हा प्रश्न बुकिंगच्या चेकवर सही करण्याआधी घरात सगळ्यांसमोर विचारावा.

एवढा मोठा बाजार, तर त्यात कंपन्या का नाहीत, याचेही उत्तर याच आकड्यांत आहे. २०१९ मध्ये देशातला पहिला रीट, म्हणजे भाड्याच्या मालमत्तांत पैसा घालणारा ट्रस्ट, शेअर बाजारात आला तो ऑफिसांच्या इमारतींचा. नुसत्या राहत्या घरांच्या भाड्यावर चालणारा रीट आपल्याकडे अजून नाही. हिशेब जाणणारा पैसा सव्वादोन टक्क्यांसाठी साडेआठ टक्क्यांचे कर्ज काढत नाही. जिथे शेठजी थांबले, तिथे कंपन्याही थांबल्या. उरला नोकरदार. परगावाहून येणाऱ्या भाडेकरूला शहरात परवडेल असे घर मिळते, कारण कोणीतरी चिंचवडमध्ये बसून दरमहा साडेचौतीस हजार आपल्या खिशातून त्यात घालत असतो. सरकारच्या कोणत्याही योजनेत नोंद नसलेले हे अनुदान आहे. ते देणाऱ्याला आपण देतो आहोत हे माहीत नाही, घेणाऱ्याला आपण घेतो आहोत हे माहीत नाही. दोघेही दुसराच आपल्याला लुबाडतो आहे, असे समजून डिपॉझिटवरून भांडतात.

बँकेला मात्र सगळे माहीत असते. या कर्जाच्या अर्जाबरोबर ती होणाऱ्या भाड्याचा अंदाज मागेल किंवा न मागेल. पगाराच्या स्लिपा मागितल्याशिवाय राहात नाही.